चतुष्पादाचे परदेशगमन

घरातील कोणाला लंडनच्या नोकरीचे पत्र आले की पुढील सहा-आठ आठवड्यांत व्हिसा, तिकिटे, भाडेकरार, मुलांच्या शाळेचे दाखले ही सारी कामे, धावपळीत का होईना, उरकली जातात. परंतु त्याच घरात गेली चार वर्षे सोफ्याखाली निजणाऱ्या कुत्र्याचा विचार बहुधा शेवटच्या पंधरवड्यात होतो, आणि तो होतो तेव्हा असे उमगते की कुटुंबातील इतर सर्वांना जी मुदत पुरली ती या एका सभासदाला पुरणारी नाही, कारण माणसांची मुदत कचेऱ्या ठरवितात आणि त्याची एक विषाणू ठरवितो.

हा विषाणू अलर्काचा, म्हणजे रेबीजचा. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून तो चाव्याच्या जखमेत उतरतो आणि रक्ताच्या वाटेने न जाता मज्जातंतूंच्या वाटेने, अत्यंत मंद गतीने, मेंदूकडे सरकत राहतो. या प्रवासाला काही आठवडे लागतात, कित्येकदा महिने लागतात, आणि तेवढ्या अवधीत ते जनावर खाते, पिते, शेपूट हालविते, व निष्णात पशुवैद्यालाही त्याच्या ठायी रोगाचे यत्किंचित चिन्ह आढळत नाही. लक्षणे प्रकट झाली की इलाज खुंटतो. ज्या राष्ट्राने हा रोग आपल्या हद्दीतून घालविला आहे त्याला, दारात उभ्या असलेल्या व निरोगी दिसणाऱ्या प्राण्याविषयी खात्री करून घ्यावयाची तर काही काळ जाऊ देण्यावाचून गत्यंतर नसते. जगातील रेबीजच्या मृत्यूंपैकी एक-तृतीयांशाहून अधिक भारतात होतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असल्यामुळे, आपल्याकडून निघालेल्या श्वानाकडे परदेशी अधिकाऱ्याने साशंक दृष्टीने पाहिले तर त्यात अपमान मानण्याजोगे काही नाही.

ब्रिटनचा इतिहास या बाबतीत पाहण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील कृषिमंडळाचे अध्यक्ष वॉल्टर लाँग यांनी कुत्र्यांच्या तोंडाला मुसकी बांधण्याचे फर्मान काढले, तेव्हा श्वानप्रेमी मंडळींचा त्यांच्यावर मोठाच रोष झाला; परंतु मुसक्यांची सक्ती आणि बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांना अलग ठेवण्याचा नियम या दोहोंच्या जोरावर १९०२ पर्यंत तो देश रेबीजमुक्त झाला. पुढे महायुद्ध संपता संपता, परतणाऱ्या सैनिकांनी चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर १९१८ साली रोग पुन्हा आत शिरला आणि त्याचा बीमोड होण्यास १९२२ साल उजाडले. या अनुभवाने शहाण्या झालेल्या सरकारने सहा महिन्यांच्या विलगीकरणाचा शिरस्ता मग इतक्या कडकपणे पाळला की १९६८ मध्ये एलिझाबेथ टेलर व रिचर्ड बर्टन या श्रीमंत नटदांपत्याला आपले कुत्रे टेम्स नदीत नांगरून ठेवलेल्या भाड्याच्या नौकेवर ठेवावे लागले, कारण ते पाण्यावर असेतोपर्यंत ब्रिटनच्या भूमीवर उतरले असे कायद्याने ठरत नव्हते! सामान्य माणसाला ही युक्ती परवडणारी नव्हती. त्याचा कुत्रा सहा महिने पिंजऱ्यात राही आणि धनी ठरावीक वेळी भेटीस जाई.

२८ फेब्रुवारी २००० रोजी ब्रिटनने हा शिरस्ता प्रथमच शिथिल केला, आणि लस, रक्तपरीक्षा व ओळख यांचे पुरावे असलेल्या प्राण्यास थेट घरी जाण्याची मुभा दिली. प्रारंभी ही सवलत मोजक्या देशांपुरती होती, आता ती भारतातून जाणाऱ्या प्राण्यांनाही काही अटींवर मिळते. या अटी नीट वाचल्या असता ध्यानात येते की विलगीकरण मोडीत निघालेले नाही. ते केवळ प्राण्याच्या स्वतःच्या घरी, त्याच्या ओळखीच्या गोधडीवर आणून ठेवण्यात आले आहे. प्रथम कातडीखाली पंधरा अंकी क्रमांकाची मायक्रोचिप. त्यानंतर, किंवा फार तर त्याच दिवशी, रेबीजची लस. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना घेऊन तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे, व तेथे दर मिलिलिटरमागे किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक इतकी प्रतिपिंडे आढळली पाहिजेत. आणि नमुना घेतल्याच्या तारखेपासून पुढे तीन महिने प्रतीक्षा. ही शेवटची प्रतीक्षा अनेकांना निव्वळ छळ वाटते. वस्तुतः प्रतिपिंडे लसीने निर्माण झाली की आधीच शिरलेल्या विषाणूने, हे रक्त सांगू शकत नाही. ते तीन महिने सांगतात, कारण प्राणी खरोखरच बाधित असेल तर त्या अवधीत रोग बहुधा बाहेर पडतो. युरोपीय संघाचा नियमही याच धर्तीचा आहे.

आता हिशेब मांडून पाहावा. प्रौढ कुत्र्याला आजच चिप व लस दिली तरी चार महिने कोठे गेले नाहीत. पिल्लू असेल तर ते बारा आठवड्यांचे होईपर्यंत लसच ग्राह्य नाही, म्हणजे सुमारे सात महिन्यांच्या आत त्याचे पाऊल ब्रिटनमध्ये पडणे नाही. आपल्याकडे होणारी सर्वांत महाग चूक क्रमाची असते. घरोघरी लसीकरणाचे पुस्तक असते, त्यात डॉक्टरांचे शिक्के व लसीच्या बाटलीवरची चिकटपट्टी असते, सर्व काही यथासांग असते. परंतु चिप लसीनंतर बसविलेली असली तर ती लस नेमकी याच जनावराला दिली याचा पुरावा राहत नाही आणि सारी रुजवात पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. पुढच्या लसीची तारीख एका दिवसाने जरी हुकली तरी तीच गत. म्हणून परदेशाचा विचार मनात नुसता डोकावला असेल तरी चिप आणि रक्तपरीक्षा उरकून घ्यावी. लस अखंड चालू ठेवली तर या रक्तपरीक्षेची पुनरावृत्ती करावी लागत नाही, आणि बेत रहित झाला तरी खर्चापलीकडे काही बिघडत नाही.

प्रयाण जवळ आले की कागदपत्रांना जोर चढतो. भारत सरकारच्या प्राणी विलगीकरण व प्रमाणन सेवेचे कार्यालय मुंबईत आहे. तेथून निर्यातीचा आरोग्यदाखला घ्यावा लागतो. ब्रिटनचा आरोग्यदाखला मिळाल्यापासून दहा दिवसांच्या आत तेथे पोहोचले पाहिजे, आणि कुत्र्याला प्रवेशापूर्वी २४ ते १२० तासांच्या दरम्यान पशुवैद्याच्या हातून पट्टकृमीचे औषध दिले गेले पाहिजे, कारण कोल्ह्यांच्या द्वारे पसरणारा एक घातक पट्टकृमी त्या देशात नाही व तो तेथे यावा अशी त्यांची इच्छा नाही. मांजराला हे औषध माफ आहे.

इतर देशांची तऱ्हा निराळी. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून सहा महिन्यांखालील कुत्र्यांना प्रवेश बंद केला असून, भारतासारख्या देशात लस घेतलेला कुत्रा त्यांनी मुक्रर केलेल्या मोजक्याच विमानतळांवर उतरू शकतो. मांजरांवर मात्र त्या नियमांची कृपादृष्टी आहे. ऑस्ट्रेलिया भारतातून थेट प्राणी घेतच नाही. प्राण्याला आधी एखाद्या मान्य देशात काही महिने काढावे लागतात आणि शेवटी मेलबर्नजवळ मिकलहॅम येथील सरकारी केंद्रात मुक्काम करावा लागतो. तेथे मोठेपणा चालत नाही. २०१५ साली अभिनेता जॉनी डेप व अंबर हर्ड यांनी पिस्टल आणि बू हे आपले इवलेसे टेरियर खासगी विमानातून परवानगीवाचून आणले, तेव्हा कृषिमंत्री बार्नबी जॉइस यांनी कुत्रे परत न्या, नाहीतर ते मारले जातील, असे जाहीरपणे बजावले. कुत्रे परत गेले आणि खटला मागे राहिला.

विमानप्रवासाची धास्ती सर्वांनाच वाटते. ब्रिटनमध्ये पाळीव प्राणी मालवाहू नोंदीखालीच आणावा लागतो. आपल्या मांडीशी टोपलीत घेऊन बसण्याची सोय नाही. परंतु विमानात प्राणी ठेवण्याच्या भागात हवेचा दाब व तपमान राखलेले असते, आणि हीथ्रोवर प्राण्यांचे स्वागतकेंद्र लंडनचे नगरमंडळ चालविते, तेथील माणसांचा हात सरावलेला आहे. क्रेट इतका मोठा हवा की कुत्र्याला ताठ उभे राहता, वळता व अंग पसरता यावे. आणि तो प्रवासाच्या आदल्या दिवशी न आणता एक-दोन महिने आधी दार उघडे ठेवून घरात मांडावा, त्यात जेवण द्यावे, म्हणजे ती जागा त्याची होते. गुंगीचे औषध देण्याचा मोह आवरावा. आकाशात रक्तदाब व श्वास यांवर त्याचा विपरीत परिणाम होऊ शकतो आणि मदतीला कोणी नसते. हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर ज्यांनी हौसेने पग पाळले त्यांना आणखी एक अडचण आहे: या चपट्या नाकाच्या जातीला मुळातच श्वास पुरत नाही, उष्म्यात तिचा जीव चटकन गुदमरतो, म्हणून अनेक विमान कंपन्या तिला नेण्याचे नाकारतात किंवा उन्हाळ्यात बंदी घालतात.

मांजराचे कागद सोपे, परंतु मन अवघड. कुत्रा माणसांसह कोठेही रमतो. मांजराची निष्ठा बरीचशी घराच्या कोपऱ्यांवर असते. नव्या घरी त्याला प्रथम एकाच खोलीत, जुन्या न धुतलेल्या चादरीसह ठेवावे, पलंगाखालून ते बाहेर येत नसेल तर ओढून काढू नये, आणि काही आठवडे बाहेर सोडू नये.

सर्वांनाच नेले पाहिजे असेही मला वाटत नाही. चौदा वर्षांचा, हृदय थकलेला कुत्रा इतक्या खटाटोपातून नेण्यात त्याच्यापेक्षा आपल्या मनाचे समाधान अधिक असते, आणि अशा वेळी तो पुण्या-नाशिकच्या घरी आजी-आजोबांपाशी राहतो, हे आता अनेक घरांतील चित्र आहे. मात्र ही तजवीज तोंडी ठेवू नये. महापालिकेचा परवाना आजोबांच्या नावे करून घ्यावा, लसींच्या तारखा व औषधांचे प्रमाण मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे, पशुवैद्याची फी आधीच भरून ठेवावी, आणि सत्तरीच्या हातांना न आवरणारा कुत्रा असेल तर सकाळ-संध्याकाळ फिरविण्यास गल्लीतला एखादा विश्वासू मुलगा पगारी नेमून मगच विमानात बसावे.