जस्ताचे सूक्ष्म कण आणि भाताचे रोप

भोर-वेल्ह्याच्या खाचरांत भात लावणाऱ्या पालकांना जस्ताचे महत्त्व आम्ही सांगावयास नको. भाताचा खैरा रोग जस्ताच्या कमतरतेमुळे होतो, हे डॉ. य. ल. नेने यांनी पंतनगर येथे १९६६ साली दाखविले. आता तेच जस्त ऑक्साइडच्या नॅनोकणांच्या रूपात येत आहे. हे कण १ ते १०० नॅनोमीटरचे असतात. केसाची जाडी सुमारे ८०,००० नॅनोमीटर भरते. वजनाच्या मानाने पृष्ठभाग मोठा असल्याने ते लवकर विरघळतात. अल्प मात्रेत ते पोषक ठरतात. अतिरेक झाल्यास मुळांच्या कोवळ्या पेशींना इजा करतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लिटरला २,००० मिलिग्रॅम मात्रेने मका, मुळा, काकडी आदी सहा वनस्पतींच्या मुळांची वाढ जवळजवळ थांबली. शेतात एकदम एवढी मात्रा पडत नाही. परंतु जस्त मातीत साठत जाते आणि जमीन आम्लधर्मी असल्यास अधिक विरघळते. म्हणून माती-परीक्षणानंतरच जस्त द्यावे व फवारणीचा पंप ओढ्यात धुऊ नये. तथागतांचा मध्यम मार्ग आम्ही वंदनेच्या वेळी शिकलो. खाचराच्या बांधावरही तोच उपयोगी पडतो.