डच ताओ आणि आपली ज्ञानेश्वरी

हार्लेम म्हटलं की आपल्याला ट्युलिप आणि फ्रान्स हाल्सची चित्रं आठवतात. याच गावात १८६० मध्ये लेखक फ्रेडरिक फान एडन जन्मला. टागोरांची ‘गीतांजली’ त्यानं डचमध्ये आणली, तीही इंग्रजीवरून. त्याचा मित्र हेन्री बोरेल मात्र चिनी शिकलेला दुभाषा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यानं लाओ त्सूचं ‘ताओ ते चिंग’ थेट चिनीवरून डच वाचकांना दिलं.

पुढं हा ग्रंथ डचमध्ये पुन्हा पुन्हा आला. लायडनचे प्राध्यापक डाउफेंडाक यांनी १९४२ मध्ये ‘ताओ’ला ‘वेख’ म्हणजे मार्ग म्हटलं आणि ‘ते’ला ‘डेउख्त’ म्हणजे सद्गुण. ताओ पंथाची पुरोहितदीक्षा घेतलेल्या क्रिस्टोफर स्खिपर यांनी २०१० मध्ये ‘ताओ’ तसाच ठेवला, ‘ते’ची मात्र ‘आंतरिक शक्ती’ केली. सद्गुण म्हटलं की नीतीचे धडे आठवतात, आंतरिक शक्ती म्हटलं की साधना. एका शब्दानं ग्रंथाचा रोखच बदलतो!

आपल्याला हे नवं नाही. गीतेच्या ७०० श्लोकांवर ज्ञानदेवांनी सुमारे ९,००० ओव्या रचल्या. ते नुसतं भाषांतर नव्हतंच. पण आपली मुलं गीता-ज्ञानेश्वरी डच किंवा इंग्रजीतूनच वाचणार असतील, तर? ‘स्वधर्म’ला कुणी ‘प्लिख्त’ म्हणजे कर्तव्य म्हणेल, कुणी ‘रेलिखी’ म्हणजे धर्मपंथ. दोन्हींत काहीतरी निसटतंच.

म्हणून एवढंच सुचवावंसं वाटतं, घरात एकाऐवजी दोन भाषांतरं ठेवूया. ती जिथं एकमेकांशी भांडतील, तिथं मुलांना जवळ बसवून मूळ ओवी मोठ्यानं वाचूया.