मुशीत गेलेल्या पाटल्या

आईच्या पाटल्या आटवायचे ठरले, त्या रात्री ताईला आणि मला झोप लागली नाही. भाचीचे लग्न तोंडावर आले होते आणि त्या जुन्या घडणीच्या पाटल्या ती घालणार नव्हती. ‘बावीस कॅरटच्या आहेत गं,’ असे आई शेवटपर्यंत सांगायची.

लहानपणी सोनाराकडे मी मूस पाहिली होती. एवढीशी मातीची वाटी. बागेसरीतल्या निखाऱ्यांत ती ठेवून ते फुंकणीने फुंकत, वर चिमूटभर टाकणखार टाकत. सोने वितळते १०६४ अंश सेल्सिअसला. वाटी मात्र तशीच! संस्कृतातली ‘मूषा’ ती हीच. ‘रसरत्नसमुच्चय’ या जुन्या ग्रंथात तिचे कितीतरी प्रकार दिले आहेत.

यावेळची मूस काळ्या ग्रॅफाइटची होती. बघता बघता पाटल्यांचा गोळा झाला. त्यातला पाव ग्रॅमचा तुकडा, थोडी चांदी घालून, शिशाच्या पातळ पत्र्यात गुंडाळून दुसऱ्याच वाटीत गेला. हाडांची राख किंवा मॅग्नेशिया दाबून केलेली ही ‘कुपेल’. मूस धातू सांभाळते, कुपेल हीण पिऊन टाकते. भट्टीत शिशाचे ऑक्साइड बनते आणि तांब्याला बरोबर घेऊन वाटीत मुरते. मागे राहतो सोन्याचांदीचा मणी. तो चपटा करून नायट्रिक आम्लात उकळला, की चांदी विरघळते. उरलेल्या सोन्याचे वजन करायचे.

आकडा आला हजारात ८४०. बावीस कॅरटला ९१६ हवेत. ताईचा चेहरा उतरला. ‘म्हणजे आईला फसवलं?’

तपासणारा मुलगा म्हणाला, ‘काकू, जुने दागिने सांधायला डाक लावायचे. आटवल्यावर त्यातलं हीण सगळ्या सोन्यात मिसळतं. सोनं किती ते वाटी सांगते, कमी का ते नाही सांगत.’

हॉलमार्क २००० साली आला; २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने जिल्ह्याजिल्ह्यांत सक्तीचा झाला. आईच्या वेळी होता तो कसोटीचा दगड आणि सोनारावरचा विश्वास. तुमच्या घरी असे दागिने असतील, तर आटणी समोर करून घ्या, आधीचे आणि नंतरचे वजन लिहून ठेवा.

आणि एखादा दागिना तसाच राहू द्या. आम्ही दोन्ही पाटल्या दिल्या. भाचीचा हार छान झाला. पण आईच्या हाताचे माप आता आमच्यापाशी नाही.