होडी खांद्यावर घेऊन पळायचं, अन् नदी घाण असली की आजारी पडायचं! १२० किलोमीटरची ‘डूसी’ शर्यत आहे तरी काय?

होडीची शर्यत म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? भरलेली नदी, एका तालात पडणारी वल्ही आणि काठावरची गर्दी. पावसाळ्यात सांगलीला कृष्णेच्या पात्रात होणाऱ्या होड्यांच्या शर्यती अनेकांनी पाहिल्या असतील. पण दक्षिण आफ्रिकेत एक शर्यत अशी आहे, जिथं खेळाडू होडीतून उतरतो, होडी खांद्यावर टाकतो आणि डोंगर चढत पळत सुटतो. पुन्हा नदी लागली की होडी पाण्यात सोडायची आणि वल्हं मारायचं. असं सलग तीन दिवस चालतं.

या शर्यतीचं नाव ‘डूसी कनू मॅरेथॉन’. पीटरमारित्झबर्ग ते डर्बन, अंतर सुमारे १२० किलोमीटर. पीटरमारित्झबर्ग हे नाव शाळेच्या पुस्तकात वाचलेलं आठवत असेल. १८९३ मध्ये महात्मा गांधींना रेल्वेच्या डब्यातून उतरवलं गेलं, ते याच गावच्या स्टेशनवर. या शहरातून म्सुंदुझी नदी वाहते. लोक तिला लाडानं ‘डूसी’ म्हणतात, तेच नाव शर्यतीला पडलं.

पहिल्या शर्यतीत आठ जण निघाले, पोहोचला एकच

ही शर्यत सुरू केली इयान प्लेअर यांनी. पुढे पांढऱ्या गेंड्याला नामशेष होण्यापासून वाचवणारे म्हणून ज्यांचं जगभर नाव झालं, तेच हे प्लेअर. जगप्रसिद्ध गोल्फपटू गॅरी प्लेअर हे त्यांचे धाकटे भाऊ.

२२ डिसेंबर १९५१ रोजी पहिली शर्यत झाली. आठ जण निघाले. वाटेत पाणी कमी, जागोजागी खडक, त्यात मध्येच पूर. एकेक करून सात जणांनी माघार घेतली. प्लेअर यांना वाटेत नाइट ॲडर नावाचा साप चावला. हा आपल्याकडच्या घोणस-फुरशांच्या कुळातला विषारी साप. तरीही ते थांबले नाहीत. डर्बनला पोहोचायला त्यांना ६ दिवस, ८ तास आणि १५ मिनिटं लागली.

आज तेच अंतर पहिल्या नंबरचा खेळाडू तीन दिवसांत मिळून साधारण आठ तासांत कापतो. म्हणजे रोजचे अडीच-पावणेतीन तास. होड्या हलक्या झाल्या, वाटा माहीत झाल्या. पण नदी तीच आहे, डोंगरही तेच आहेत.

शर्यत कशी चालते?

पहिला दिवस: पीटरमारित्झबर्गहून सुरुवात. शहर सोडलं की शेतं, टेकड्या आणि खडकाळ पात्र. मुक्काम डूसी पुलाजवळ.

दुसरा दिवस: म्सुंदुझी नदी मोठ्या उम्गेनी नदीला मिळते. हा सगळा मुलूख ‘हजार टेकड्यांची दरी’ म्हणून ओळखला जातो. शेवटचे कित्येक किलोमीटर इनांडा धरणाच्या जलाशयातून जावं लागतं. इथं प्रवाह नसतो, पाणी संथ. होडी फक्त दंडाच्या जोरावर पुढे सरकते.

तिसरा दिवस: इनांडा धरणाच्या खालून थेट समुद्राकडे. उम्गेनी जिथं समुद्राला मिळते, तिथं डर्बनच्या ‘ब्लू लगून’ला शर्यत संपते.

विषम सालात एका होडीत एक खेळाडू असतो, सम सालात दोघं. एकट्याची होडी साधारण पाच मीटर लांब, दोघांची साडेसहा मीटरच्या आसपास. अरुंद, हलकी आणि डगमगणारी. नवख्या माणसाला त्यात नुसतं बसायचं म्हटलं तरी तो उलटा होतो.

मग पळायचं कशाला?

डोंगरातली नदी सरळ जात नाही. ती वळसे घेते. काही वळणांवर खडक आणि उसळतं पाणी इतकं की होडी फुटायची भीती. अशा ठिकाणी टेकडीवरून आडवी पायवाट धरली तर अंतरही वाचतं आणि होडीही. खांद्यावर होडी घेऊन असं पळण्याला ‘पोर्टेज’ म्हणतात. दुसऱ्या दिवशीची न्कुमेनी टेकडी आणि तिसऱ्या दिवशीची ‘बर्मा रोड’ नावाची चढण यांची खेळाडूंना धास्तीच असते. भर उन्हाळ्यातला दमट उकाडा, खांद्याला होडीची कड रुतलेली, पायात ओले बूट.

ही गोष्ट सगळ्यात आधी ओळखली ग्रॅम पोप-एलिस यांनी. नदीत थोडा वेग कमी पडला तरी चालेल, पण पळण्यात कोणाला पुढे जाऊ द्यायचं नाही, असा त्यांचा हिशोब. १९७२ ते १९९० या काळात त्यांनी ही शर्यत तब्बल १५ वेळा जिंकली. लोक त्यांना ‘डूसीचा राजा’ म्हणायचे. २०१० मध्ये ट्रॅक्टरच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

किती पळायचं हे पाण्यावरही ठरतं. पाणी भरपूर असेल तर वल्हं मारणारा फायद्यात. पाणी कमी असेल तर पळणारा फायद्यात. शेतीला आवर्तन सुटतं तसं तिसऱ्या दिवसासाठी इनांडा धरणातून पाणी सोडलं जातं. त्यामुळे खेळाडूंचं लक्ष आभाळाकडे असतं, तसंच धरणाकडेही.

काठावरची पोरं होडीत बसली तेव्हा

शर्यत जिथून जाते, ती गावं झुलू लोकांची. खेळाडू ज्या पायवाटांवर धापा टाकतात, त्या इथल्या पोरांच्या रोजच्या पायाखालच्या. शाळेत जायचं ते टेकडी चढून, पाणी आणायचं ते टेकडी उतरून. पण होडी महाग, आणि दक्षिण आफ्रिकेत कित्येक वर्षं वर्णभेदाचं राज्य. त्यामुळे ही पोरं काठावर उभी राहून बघायची, होडीत बसणारे बहुतेक गोरे असायचे.

हे चित्र बदललं २००८ मध्ये. अनेकदा विजेता ठरलेल्या मार्टिन ड्रायर यांच्या होडीत त्या वर्षी मायकल म्बांज्वा हा झुलू तरुण जोडीदार होता, आणि दोघं पहिले आले. डूसी जिंकणारा म्बांज्वा हा पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकन खेळाडू. पहिल्या शर्यतीनंतर त्यासाठी ५७ वर्षं जावी लागली.

ड्रायर यांनी दरीतल्या तरुणांसाठी ‘चेंज अ लाइफ’ नावाची अकादमी उभी केली. हिशोब सोपा होता. टेकड्यांवर पळणं या पोरांना शिकवावं लागत नव्हतं. शिकवायचं होतं ते पोहणं, होडीचा तोल सांभाळणं आणि पाणी वाचणं. पुढे अँडी बर्केट या नामांकित खेळाडूच्या जोडीनं २०१४ मध्ये स्बोनेलो झोंडी आणि २०१८ मध्ये खुंबुलानी न्झिमांडे यांनीही शर्यत जिंकली.

‘डूसी गट्स’: शर्यतीतला आजार

आता या शर्यतीची दुसरी बाजू. डूसीच्या खेळाडूंमध्ये ‘डूसी गट्स’ हा शब्द सगळ्यांना माहीत आहे. अर्थ सरळ आहे, डूसीचं पोट. शर्यतीत किंवा शर्यतीनंतर होणाऱ्या उलट्या आणि जुलाब.

कारण नदीचं पाणी. पीटरमारित्झबर्ग शहराच्या गटारांचे जुने पाइप तुंबतात, फुटतात, मॅनहोल भरून वाहतात आणि मैलापाणी नदीत उतरतं. ही शर्यत फेब्रुवारीच्या सुमारास होते. तिकडे तेव्हा पावसाळी उन्हाळा असतो. जोराचा पाऊस झाला की रस्त्यावरची आणि गटारातली घाण एकदम नदीत येते, आणि पाण्यात ई-कोलाय जंतूंचं प्रमाण वाढतं. मैलापाणी मिसळल्याची ही खूण समजली जाते. होडी उलटली की दोन घोट पाणी पोटात जातंच. नाही उलटली तरी तोंडावर पाणी उडत राहतं. म्हणजे खेळाडू तगडा असून भागत नाही. नदी आजारी असेल तर तोही आजारी पडतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये तर कहर झाला. शहरातल्या एका खाद्यतेलाच्या कारखान्यातली टाकी फुटली. तेल आणि कॉस्टिक सोडा ओढ्यातून नदीत गेला. खाली कित्येक किलोमीटरपर्यंत मासे मरून पडले. इनांडा धरणात जलपर्णीनंही ठाण मांडलं आहे. सांडपाण्यातल्या खतावर ती फोफावते, हे आपल्याकडेही दिसतं.

आणि इथंच खरा मुद्दा येतो. खेळाडू त्या पाण्यात तीन दिवस असतो, नंतर तो घरी जातो, औषध घेतो. काठावरचा गावकरी मात्र बारा महिने त्याच पाण्यासोबत राहतो. कपडे तिथंच, गुरं तिथंच, पोरांचं पोहणंही तिथंच. शहरात नदीची ओरड झाली ती खेळाडूंची पोटं बिघडली म्हणून. गावकऱ्यांची पोटं त्याआधीपासून बिघडत होती.

मग केलं काय?

खेळाडूंच्या पुढाकारानं ‘डूझी-उम्गेनी कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट’ ही संस्था उभी राहिली. नदीतला कचरा काढणं, फुटलेल्या गटारांचा पाठपुरावा करणं, असं काम ती करते. याच नदीखोऱ्यातल्या म्पोफोमेनी वस्तीत स्थानिक लोकांनाच ‘एन्व्हायरो चॅम्प’ म्हणून तयार केलं गेलं. कुठलं मॅनहोल वाहतंय, कधीपासून वाहतंय, याची ते नोंद ठेवतात आणि ती कार्यालयापर्यंत पोहोचवतात. दुरुस्ती झाली का, हे पुन्हा जाऊन बघतात.

या भागातून पुढे आलेली आणखी एक सोपी पद्धत म्हणजे ‘मिनीसास’. मशीन लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. वाहत्या नदीतले दगड उचलायचे, छोटी जाळी लावायची आणि कोणते किडे सापडतात ते बघायचं. किड्यांचे १३ गट केलेले आहेत आणि प्रत्येकाला गुण दिलेले आहेत. स्टोनफ्लाय नावाच्या माशीची पिल्लं फक्त स्वच्छ पाण्यात टिकतात, त्यांना सगळ्यात जास्त गुण. जळवा आणि गांडुळासारखे किडे घाण पाण्यातही जगतात, त्यांना सगळ्यात कमी. गुणांची सरासरी काढली की नदीची तब्येत कळते. शाळेतली मुलंही हे करतात. मात्र यातून पाणी पिण्यालायक आहे की नाही ते कळत नाही, त्यासाठी पाण्याची वेगळी तपासणी लागतेच.

एवढं करूनही डूसी नदी स्वच्छ झालेली नाही. पाऊस झाला की आजही खेळाडू आधी पाण्याच्या तपासणीचा आकडा विचारतात. पण आता तो आकडा विचारला जातो, लिहिला जातो आणि सगळ्यांसमोर येतो. पूर्वी पोट बिघडलं की तो नशिबाचा भाग समजायचे. आज कुठल्या गटारानं बिघडवलं, हे नाव घेऊन सांगता येतं.