आरेखनाच्या पूरक आज्ञावली आणि त्यांचा शोधमार्ग

गावाच्या पाणीपुरवठा योजनेचा नकाशा असो, शाळेच्या वर्गखोलीचा आराखडा असो वा एखाद्या बंधाऱ्याचा छेद असो, ही कामे आता आरेखन-फळ्यावर न होता बहुतांशी संगणकावर होतात. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलींमध्ये ऑटोकॅडचे नाव सर्वपरिचित आहे. ऑटोडेस्क या अमेरिकन कंपनीने १९८२ मध्ये ती प्रथम बाजारात आणली. १९८६ मध्ये तिला ऑटोलिस्प या संगणकीय भाषेची जोड मिळाली आणि वापरणाऱ्याला आपल्या गरजेनुसार नव्या आज्ञा तयार करून मूळ आज्ञावलीत बसविणे शक्य झाले. नळमार्गाच्या उतारांचे कोष्टक तयार करणे, लोखंडी सळ्यांची यादी काढणे, जमिनीच्या पातळ्यांवरून छेद रेखाटणे अशी कामे या पूरक आज्ञावली काही क्षणांत करतात.

मात्र नवा संगणक आला, कर्मचारी बदलला किंवा फाइली दुसरीकडे हलविल्या, की कालपर्यंत चालणारी पूरक आज्ञावली एकाएकी बंद पडते. आज्ञावली बिघडली असा समज होऊन ती पुन्हा पुन्हा बसविण्यात वेळ खर्ची पडतो. वस्तुतः अशा बहुतेक प्रसंगी आज्ञावली शाबूत असते. संगणकाला तिचा पत्ता तेवढा सापडत नसतो. हा पत्ता ज्या क्रमाने शोधला जातो, त्यास शोधमार्ग असे म्हणता येईल.

शोधाचा क्रम

कार्यालयातील अभिलेखपालाला ठराविक कपाटांची यादी देऊन त्याच क्रमाने कागद शोधण्यास सांगावे, तशी ही व्यवस्था आहे. यादीत नसलेले कपाट तो उघडत नाही आणि पहिल्या कपाटात त्या नावाचा कागद मिळाला, की पुढे पाहत नाही. अक्षरवळणे, रेषाप्रकार, छायांकनाचे नमुने अशा साहाय्यक फाइलींसाठी ऑटोकॅड प्रथम आरंभीचा फोल्डर, नंतर उघडलेला आराखडा ज्या फोल्डरमध्ये आहे तो फोल्डर, त्यानंतर शोधमार्गाच्या यादीतील फोल्डर वरून खाली आणि शेवटी मूळ आज्ञावलीचा फोल्डर पाहते. यादीतील फोल्डरच्या पोटात असलेले उपफोल्डर मात्र पाहिले जात नाहीत. त्यांची नोंद स्वतंत्रपणे करावी लागते.

या व्यवस्थेतून दोन प्रकारचे दोष संभवतात. पहिला, फाइल न सापडण्याचा. दुसरा अधिक फसवा असतो. तो म्हणजे त्याच नावाची जुनी फाइल यादीत आधी सापडण्याचा. पहिल्या दोषात काम थांबते व तो तत्काळ लक्षात येतो. दुसऱ्यात काम सुरू राहते, परंतु उत्तर जुन्या हिशेबाने येते. सुधारित दर वा नवी परिमाणे घातलेली आज्ञावली जवळ असूनही संगणक जुनीच वापरत राहतो आणि त्यावरून अंदाजपत्रक तयार होते. म्हणून फाइल सापडली, एवढ्यावर समाधान मानणे योग्य नव्हे; ती कोठून उचलली गेली, हेही पाहिले पाहिजे.

दोष ओळखण्याची रीत

सर्वप्रथम पडद्यावरील संदेश नीट वाचावा. ‘आज्ञा अज्ञात आहे’ अशा अर्थाचा संदेश आला, तर पूरक आज्ञावली मुळात स्मृतीत घेतलीच गेलेली नाही असे सहसा समजावे. ‘लोड फेल्ड’ असा संदेश आला, तर फाइलीच्या नावात वा मार्गात चूक असण्याचा संभव अधिक.

त्यानंतर ऑटोलिस्पमधील ‘फाइंडफाइल’ या कार्याचा उपयोग करावा. कंसात त्याचे नाव आणि अवतरणचिन्हांत फाइलीचे नाव लिहून आज्ञेच्या ओळीत दिले, की सापडलेल्या फाइलीचा संपूर्ण मार्ग उत्तरादाखल मिळतो. ‘निल’ असे उत्तर आले, तर फाइल शोधमार्गावर नाही. अपेक्षेहून वेगळा मार्ग दिसला, तर जुनी प्रत आड येत आहे. एवढ्या एका चाचणीने दोन्ही दोष वेगळे करता येतात.

फाइल सापडत नसल्यास पुढील गोष्टी क्रमाने तपासाव्यात. विंडोज प्रणाली फाइलीच्या नावाचा शेवटचा भाग पुष्कळदा लपवून ठेवते. त्यामुळे ‘एलएसपी’ या प्रत्ययापुढे ‘टीएक्सटी’ हा दुसरा प्रत्यय चिकटलेला असूनही दिसत नाही. ‘ऑप्शन्स’ या आज्ञेतील ‘फाइल्स’ या विभागात शोधमार्गाची यादी असते. तीत आवश्यक फोल्डर आहे काय आणि त्याचे स्थान बदललेले नाही ना, हे पाहावे. सामाईक संगणकावरील फोल्डरला एका ठिकाणी ‘झेड’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘वाय’ असे अक्षर दिलेले असेल, तर एकाचा मार्ग दुसऱ्याकडे चालत नाही. अशा वेळी जाळ्यावरील संपूर्ण पत्ता नोंदविणे इष्ट. शोधमार्ग प्रत्येक वापरकर्त्याच्या स्वतंत्र रूपरेषेत साठविला जातो. त्यामुळे एकाच संगणकावर एका कर्मचाऱ्याला चालणारी आज्ञावली दुसऱ्याच्या प्रवेशनावाने चालत नाही, यात नवल नाही. तसेच ऑटोकॅडच्या ‘एलटी’ या स्वस्त प्रकारात २०२४ च्या आवृत्तीपूर्वी ऑटोलिस्प चालत नसे. तेथे मार्ग कितीही दुरुस्त केला तरी उपयोग होत नाही.

अक्षरांचा घोटाळा

आराखडा उघडताना त्यातील ‘एसएचएक्स’ प्रकारचे अक्षरवळण मिळाले नाही, तर ऑटोकॅड त्याऐवजी दुसरे वळण वापरते. मग मजकूर चौकटीबाहेर जातो, आणि नळाच्या व्यासाचे विशेष चिन्ह असावे तेथे प्रश्नचिन्ह उमटू शकते. असा आराखडा ग्रामसभेपुढे वा ठेकेदाराच्या हाती गेला, तर गैरसमजास जागा राहते. मराठी मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व अक्षरसंचात लिहिलेला असेल आणि तो संच संगणकावर नसेल, तर रोमन अक्षरांचा निरर्थक समूह दिसतो. हे संच ‘ट्रू टाइप’ प्रकारचे असल्यास ते विंडोजमध्येच बसवावे लागतात. शोधमार्गात फोल्डर वाढवून भागत नाही. नवा मजकूर युनिकोडमध्ये लिहिणे हा यावरील टिकाऊ उपाय होय.

विश्वासाचा प्रश्न

शोधमार्ग हा केवळ सोयीचा विषय नाही. २०१२ मध्ये ईसेट या संगणक-सुरक्षा कंपनीने ऑटोलिस्पमध्ये लिहिलेल्या ‘मेड्रे’ या उपद्रवी आज्ञावलीची माहिती प्रसिद्ध केली. आराखड्याच्या फोल्डरमध्ये ती आपली प्रत ठेवी आणि तो आराखडा उघडताच आपोआप चालू होई. मुख्यतः पेरू देशातील संगणकांवरील आराखडे तिच्यामार्फत चीनमधील ई-मेल पत्त्यांवर पाठविले जात होते. आराखड्याशेजारची फाइल बिनशर्त स्वीकारण्यात केवढा धोका आहे, हे या घटनेने दाखवून दिले.

२०१३ मध्ये आलेल्या ऑटोकॅड २०१४ या आवृत्तीपासून चालणाऱ्या आज्ञावलींचा शोध आरंभीच्या व आराखड्याच्या फोल्डरमध्ये सहसा घेतला जात नाही. शिवाय विश्वसनीय स्थळांची निराळी यादी असते. त्या यादीबाहेरील आज्ञावली घेताना इशारा दिला जातो. म्हणजेच फोल्डर शोधमार्गात असला तरी तो विश्वसनीय ठरतोच असे नाही. त्याची नोंद दोन्हीकडे आवश्यक असते. इशाऱ्याचा त्रास नको म्हणून ‘सिक्युअरलोड’ ही व्यवस्था शून्यावर नेऊन बंद करण्याचा सल्ला काही वेळा दिला जातो. तो स्वीकारणे म्हणजे कुलूप नीट लागत नाही म्हणून दारच काढून टाकण्यासारखे आहे.

कार्यालयीन शिस्त

यासाठी काही साधे नियम पुरेसे आहेत. पूरक आज्ञावलींसाठी एकच सामाईक फोल्डर ठरवावा. त्यात बदल करण्याचा अधिकार एका जबाबदार व्यक्तीकडे असावा व इतरांना तो केवळ वाचता यावा. जुन्या प्रती तेथून काढून स्वतंत्र ठिकाणी ठेवाव्यात. शोधमार्ग व विश्वसनीय स्थळे यांची लेखी नोंद ठेवून कार्यभार हस्तांतराच्या कागदपत्रांत तिचा समावेश करावा. आराखडा अन्य कार्यालयाकडे पाठविताना ‘ई-ट्रान्समिट’ या आज्ञेने त्याच्याशी संबंधित फाइली एकत्र बांधून द्याव्यात. औद्योगिक प्रशिक्षण संस्था व तंत्रनिकेतने यांतील शिक्षकांनी आरेखनाबरोबर हा भागही शिकविल्यास विद्यार्थी पहिल्याच नोकरीत अडखळणार नाहीत.

नकाशावरील एक आकडा चुकला, तर त्याची किंमत गावाला मोजावी लागते. कोणता कागद कोठून आला हे सांगता आले पाहिजे, हा दप्तराचा जुना नियम आहे. संगणकाच्या दप्तरालाही तो तितकाच लागू आहे.