२९ रेनडिअर आणि एक सूत्र

बारावीतल्या पुतणीने विचारलं, "काका, घातांकी वाढीचं सूत्र खऱ्या प्राण्यांना लागू पडतं का?"

पडतं की. काही काळ!

अलास्काजवळच्या सेंट मॅथ्यू बेटावर १९४४ मध्ये २९ रेनडिअर सोडले. लांडगे नाहीत, खायला दगडफूल भरपूर. १९५७ च्या मोजणीत भरले १,३५०.

संख्या = मूळ संख्या × (१ + दर)^वर्षे

म्हणजे चक्रवाढ व्याजच. दर निघतो वर्षाला साधारण ३४ टक्के. त्याच दराने १९६३ चं उत्तर आठ हजारांच्या जवळ जातं. प्रत्यक्षात होते ६,०००.

सूत्रात चारा कधी संपत नाही. बेटावर संपत आला होता. त्यात कडाक्याचा हिवाळा. १९६६ मध्ये उरले ४२, नर एकच.

म्हणून चारा मर्यादित असेल तिथे मी लॉजिस्टिक समीकरण वापरतो; त्यात मर्यादेजवळ वाढ मंदावते. दर कसा काढला ते हवं असेल तर विचारा, पायऱ्या लिहून देतो.