पहिलारू गाय आणि चौथ्या वेताची गाय : दुधाचा हिशेब एका मापाने कसा करावा?

कापडाच्या धंद्यात आम्ही गल्ला इंग्रजी महिन्याने ताडून पाहत नाही. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, म्हणून यंदाच्या रमजानचा गल्ला मागच्या रमजानच्या गल्ल्याशीच लावतो. गायीच्या दुधाचा हिशेब मात्र आपले बांधव असा करीत नाहीत. पालघर, बोईसर, तारापूर भागात जे जोडधंदा म्हणून चार-सहा संकरित गायी बाळगतात, ते वर्षाअखेरीस वही उघडतात आणि सर्वांत कमी लिटरची गाय विकून टाकतात. पुष्कळदा ती पहिलारू असते, आणि तीच दावणीतली उत्तम गाय असू शकते.

पहिल्या वेताची गाय स्वतःच वाढत असते. खाल्लेल्यातला काही भाग तिच्या अंगाला लागतो. तिचे दूध चौथ्या-पाचव्या वेतापर्यंत चढत जाते, पुढे उतरते. शिवाय व्याल्यानंतर दीड-दोन महिन्यांनी दूध सर्वांत जास्त असते. गाय कार्तिकात व्याली तर हा काळ थंडीत येतो. चैत्रात व्याली तर तो उकाड्यात सापडतो, आणि आपल्या किनाऱ्यावरचा दमट उकाडा संकरित गायीला फार जाचतो. तिचे खाणे कमी होते, दूधही घटते.

यावर शास्त्रज्ञांनी गुणक काढले आहेत. दूध 305 दिवसांचे धरतात, कारण वर्षाला एक वेत मानले तर दहा महिने दूध आणि दोन महिने भाकड असा हिशेब बसतो. समजा, चैत्रात व्यालेल्या पहिलारूने 305 दिवसांत 2400 लिटर दिले. वयाचा गुणक 1.30 आणि हंगामाचा 1.05 धरला, तर 2400 गुणिले 1.30 गुणिले 1.05 म्हणजे 3276 लिटर. शेजारी कार्तिकात व्यालेली चौथ्या वेताची गाय 2900 लिटर देते. तिचे दोन्ही गुणक 1. आता सांगा, विकायची कोणती?

हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. खरा गुणक त्याच जातीच्या, त्याच मुलखातल्या पुष्कळ गायींच्या नोंदींवरून काढावा लागतो. अमेरिकेतल्या होल्स्टीनचे कोष्टक आपल्या संकरित गायीला चालणार नाही, जव्हार-मोखाड्याकडच्या डांगीला तर नाहीच.

गुणक काढण्यातही एक खोच आहे. चौथ्या वेतापर्यंत दावणीला टिकते ती बहुधा चांगलीच गाय; हलक्या आधीच विकल्या गेलेल्या असतात. बाजारातली जुनी दुकाने पाहून ‘जुने दुकान चालतेच’ म्हणावे, तसे हे होते, कारण बुडालेली दुकाने मोजायला उरतच नाहीत. म्हणून सगळ्या पहिलारूंची सरासरी आणि सगळ्या वयस्क गायींची सरासरी यांचा सरळ भागाकार केला, तर वयाचा फरक फुगून दिसतो. एकाच गायीची पहिली आणि पुढची वेते ताडून पाहणे अधिक भरवशाचे.

गुणकाने चाऱ्याची कसर मात्र भरून निघत नाही. आणि डेअरीत पैसे मिळतील ते 2400 लिटरचेच. 3276 हा आकडा कोणती गाय ठेवावी, कोणाची कालवड पाळावी, एवढ्यापुरता आहे. गाय विकताना गिऱ्हाईकाला तो प्रत्यक्ष दूध म्हणून सांगणे ही फसवणूक होईल.

वहीत चार गोष्टी हव्यात : गायीची जन्मतारीख, व्याल्याची तारीख, कितवे वेत, आणि महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी सकाळ-संध्याकाळ मोजलेले दूध. जन्मतारीख माहीत नसेल तर निदान वेत लिहावे. गाय विकत घेतानाही लिटर विचारण्याआधी हेच विचारावे.